विषय : भाकरीयंत्र खरेदी करणेबाबत

तीन ठिकाणची दरपत्रकं मागवल्याशिवाय घेतलेली वस्तू ही घेतलेली नसते, उचलून आणलेली असते, असं व्यंकटरावांचं ठाम मत होतं. औंढ्यातल्या एका सरकारी कचेरीत ते सव्वीस वर्षं भांडार सांभाळत होते. झाडू, शाईचे पॅड, टेबलावरचं हिरवं कापड, साहेबांच्या खुर्चीवरची गादी, यांतली एकही गोष्ट त्यांनी तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता आणि समितीच्या सह्या यांच्याशिवाय दाराच्या आत येऊ दिली नव्हती. कचेरीतल्या मांजरानं उंदरांकडं बघणं सोडलं तेव्हा कुणीतरी दुसरं मांजर धरून आणलं. तर व्यंकटरावांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाकीची दोन कुठं आहेत?"

लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी तीन स्थळं पाहिली होती आणि दुसऱ्या स्थळाला, म्हणजे कालिंदीबाईंना, पसंती दिली होती. या निवडीचा त्यांना अठ्ठावीस वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नव्हता. मात्र हे त्यांनी कालिंदीबाईंना कधी सांगितलं नव्हतं. चालू स्थितीतल्या वस्तूवर शेरा मारायचा नाही, अशी भांडाराची रीत आहे, आणि व्यंकटराव ती घरीही पाळत.

दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये वसमतहून येताना कालिंदीबाई एसटीच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर झालं. प्लास्टर निघाल्यावर हिंगोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "हाड बराबर जुळलंय. पण मनगटावर जोर द्यायचा नाही. भाकरी थापणं आता विसरा." तळलेलं कमी खा म्हणावं इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

आता, कालिंदीबाईंना भाकरी विसरायला सांगणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कुठून कळावं? रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून परातीवर थापण्याचा आवाज सुरू झाला की मागच्या अंगाला राहणारे ज्ञानबा आपल्या शेळ्यामेंढ्या वाड्यात कोंडायला घ्यायचे. त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं असं नाही, पण घड्याळाला सेल लागतो. मुलगा अपूर्व पुण्याला नोकरीला गेला, मुलगी अपर्णा लग्न होऊन लातूरला गेली, तरी घरात दोन माणसांसाठी सहा भाकरी व्हायच्या. उरलेल्या दोन कुणाच्या ना कुणाच्या घरी जायच्या.

हात मोडल्यापासून ही वाट उलटी झाली. ज्ञानबांची बायको सुभद्राबाई रोज दिवेलागणीला फडक्यात चार भाकरी गुंडाळून आणू लागली. स्वयंपाकाला बाई ठेवायचा विषय कालिंदीबाईंनी "मी मेले का?" एवढ्या तीन शब्दांत निकालात काढला होता, पण सुभद्राबाईला नाही म्हणणं कुणाला जमलं नसतं. ती भाकरी ठेवायची, म्हणायची, "वैनी, गरम हाय तंवर खाऊन घ्या," आणि निघून जायची. कालिंदीबाई चतकोर मोडायच्या, अर्धा घास खायच्या आणि "भूक नाही" म्हणून ताट सरकवायच्या. तीन महिन्यांत त्यांचे गाल आत गेले, बांगड्या कोपरापर्यंत वर चढू लागल्या. दिवसभर त्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून राहायच्या आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा मनाविरुद्ध जायच्या.

व्यंकटरावांना काळजी वाटत होती. खरं म्हणजे ते घाबरले होते. पण घाबरल्यावर काय करायचं याचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे फाईल उघडणं. विचारांती त्यांनी असं निदान केलं की सुभद्राबाईची भाकरी जाड असते आणि कालिंदीला पातळ लागते. सबब, घरच्या घरी पातळ भाकरी निर्माण होण्याची सोय करणं आवश्यक आहे. त्यांनी गुलाबी पुठ्ठ्याची फाईल घेतली, वर झोकदार अक्षरात विषय लिहिला आणि कालिंदीबाईंना दाखवला.

"तुम्ही बघा काय ते," कालिंदीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

याला व्यंकटरावांनी प्रशासकीय मान्यता धरलं.

पहिला नमुना समोरच्या पद्माबाईंच्या सल्ल्यानं आला. पद्माबाईंच्या नणंदेकडं पुण्याला विजेवरचं यंत्र होतं. त्यात गोळा ठेवून झाकण दाबलं की टम्म फुगलेली पोळी बाहेर येते, आणि नणंद तेवढ्यात टीव्हीवरची मालिकाही बघते. तसलंच यंत्र हिंगोलीला दसऱ्याच्या प्रदर्शनात आलंय, अशी पक्की बातमी त्यांनी आणली. व्यंकटराव रजा टाकून हिंगोलीला गेले. रामलीला मैदानावर गळ्यात टाय बांधलेल्या एका माणसानं त्यांच्या डोळ्यांदेखत सात पोळ्या फुगवल्या. व्यंकटरावांनी पीठ कशाचं, एवढं सोडून बाकी सगळं विचारलं. आठ दिवसांत परत घेण्याच्या लेखी हमीवर ते यंत्र मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले.

चाचणीसाठी पद्माबाई, सुभद्राबाई आणि कचेरीतला आवक-जावक सांभाळणारा शिवहार, अशी समिती बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली, कारण भारनियमन होतं आणि लाईट तीन वाजता यायची होती. ती पावणेपाचला आली. व्यंकटरावांनी स्वतः जवारीचं पीठ भिजवून केलेला गोळा यंत्रात ठेवला आणि झाकण दाबलं. आधी सुईऽऽ असा आवाज झाला. मग झाकणाच्या फटीतून वाफेबरोबर भाकरी बाहेर यायला लागली, म्हणजे जमेल तिथून, तुकड्यातुकड्यानं. एक तुकडा पद्माबाईंच्या चष्म्यावर बसला. व्यंकटरावांनी झाकण आणखी जोरात दाबलं, तेव्हा यंत्रातून ठो झालं, घरातला दिवा गेला आणि पाठोपाठ पुरी गल्ली गेली.

"जवारीला चिकटपणा न्हाई, साहेब," सुभद्राबाई अंधारात शांतपणे म्हणाली. "ती गव्हावानी फुगंल कशी? तिला उकळत्या पाण्यात मळावं लागतंय."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

गल्लीतल्या डीपीचा फ्यूज बसवायला वायरमन आला, पण त्याला कारण लिहून पाहिजे होतं. व्यंकटरावांनी सव्वीस वर्षांत खोटा शेरा लिहिलेला नव्हता. त्यांनी कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'भाकरी' असं लिहिलं. वायरमननं टॉर्चच्या उजेडात ते तीनदा वाचलं. "साहेब, हे नाही चालत. छापील यादीतलंच कारण पाहिजे. वारा, फांदी, पक्षी नाहीतर माकड." पाठीमागं अख्खी गल्ली हातपंखे घेऊन उभी होती. शेवटी नाइलाजानं व्यंकटरावांनी 'माकड' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. 'माकड' आणि आपलं नाव यांच्या शेजाराचं दुःख त्यांना पुढं बरेच दिवस होत राहिलं.

दुसरा नमुना भांड्यांच्या दुकानातला, पुऱ्या दाबायचा अॅल्युमिनियमचा. विजेचा प्रश्न नाही, वाफेचा प्रश्न नाही. यावेळी सुभद्राबाईला रीतसर विचारून पीठ उकळत्या पाण्यात मळलं. भाकरी सुरेख गोल उतरली, फक्त ती तळहाताएवढी होती. व्यंकटरावांनी अशा अकरा भाकऱ्या दाबल्या आणि बाराव्या भाकरीला दांडा वाकला. सुभद्राबाईनं एक उचलून उजेडात धरली. "बाहुलीच्या लग्नाला चांगल्या हायत," ती म्हणाली. कालिंदीबाईंसमोर ताटात तीन ठेवल्या, त्यांनी त्यातली एक हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

तिसरा नमुना शिवहारच्या डोक्यातून निघाला. शिवहारच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टींची कचेरीत स्वतंत्र नोंदवही ठेवायला हवी होती. पण तीन म्हणजे तीन, आणि तिसरं कुठून आणायचं हा प्रश्न होताच. शहाबादी फरशीचे दोन घासून गुळगुळीत केलेले तुकडे घ्यायचे, दुधाच्या पिशव्या कापून मध्ये घालायच्या, त्यांच्यामध्ये गोळा ठेवायचा आणि वर वजन द्यायचं. "वजन किती?" व्यंकटरावांनी विचारलं. शिवहारनं त्यांच्याकडं आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्याइतकं बराबर होईल, साहेब."

म्हणून त्या रविवारी सकाळी व्यंकटराव मागच्या अंगणात पायजमा सावरून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फरशीवर बसले होते आणि शिवहार घड्याळात बघून सेकंद मोजत होता. एवढ्यात ज्ञानबा कोकरू शोधत कुंपणापाशी आले. थोडा वेळ त्यांनी पाहिलं.

"साहेब," त्यांनी अदबीनं विचारलं, "कोंबडी मेली का?"

"का?"

"न्हाई, तुमी उबवून राहिलात म्हणून इचारलं."

शिवहार हसला, पद्माबाई गच्चीवरून हसल्या, ज्ञानबाही हसले. विशेष म्हणजे फरशीखालून निघालेली भाकरी खरोखर बरी होती, एका बाजूला थोडी जाड, पण भाकरी म्हणण्याजोगी. व्यंकटरावांनी झालेला अपमान गिळला आणि ती कच्ची भाकरी पिशवीसकट तळहातावर घेऊन आत गेले. कालिंदीबाईसुद्धा आत हसत असतील असं त्यांना वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी ते आणखी तासभर बसायला तयार होते.

कालिंदीबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"अगं, बघ तर खरं. जमलं."

"जमलं ना? मग झालं तर." त्या वळल्या नाहीत. "तुमच्या भांडारात खुर्ची मोडली की तिच्यावर लाल आकडा टाकता, कोपऱ्यात लावता आणि तिच्या जागी नवी आणता. माझ्या जागी काय आणायचं त्याचे तीन नमुने झाले. शिवहारला विचारलं, पद्माबाईंना विचारलं, माकडाचं नाव लिहिलं. आता यंत्र येईल, तुमच्या भाकरीची सोय होईल. मी बसते इथं."

व्यंकटराव तळहातावर भाकरी घेऊन तसेच उभे राहिले. बोलायला पुष्कळ होतं. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय, मला भाकरी नसली तरी चालतं, तू जेवत नाहीस म्हणून माझा जीव जाऊन राहिला. पण यातलं एकही वाक्य त्यांनी आयुष्यात पूर्वी उच्चारलेलं नव्हतं, आणि पहिल्यांदा उच्चारायला ती वेळ त्यांना बरोबर वाटली नाही. ते भाकरी ओट्यावर ठेवून बाहेर आले. शिवहारला म्हणाले, "तिन्ही नमुने नामंजूर."

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते फाईल काखेत मारून बसस्टँडामागं रतनसिंगच्या भट्टीवर गेले. रतनसिंग शिकलगार. विळे, कुऱ्हाडी, तवे, सांडशी असं सगळं लोखंडाचं काम करायचा. व्यंकटरावांनी त्याच्यापुढं तुलनात्मक तक्ता उघडला आणि तिन्ही नमुन्यांतले गुणदोष क्रमवार वाचून दाखवले. पहिल्याचा आकार, दुसऱ्याचा दांडा आणि तिसऱ्याचं वजन एकत्र करून एक यंत्र बनवायचं, असा एकूण प्रस्ताव होता. रतनसिंगनं सगळं ऐकून घेतलं, भाता थांबवला आणि हात पुसत विचारलं, "साब, चलाएगा कौन?"

"म्हणजे?"

"मशीन कौन दबाएगा? आप?"

"छे! घरातली... मंडळी. पण तिचा उजवा हात..."

"हां. तो दायाँ हात कहाँ तक मुड़ता? बाएँ में ताकद कितनी? बैठ के करेंगी कि खड़े रह के? कोहनी से जमीन कितनी?" रतनसिंगनं बाजूची कुऱ्हाड उचलून दाखवली. "ये कुल्हाड़ी धरमसिंग की है, उसका अंगूठा नहीं। इसलिए दांडा ऐसा। हात देखे बगैर मैं चमचा भी नहीं बनाता, साब."

व्यंकटरावांनी फाईल चाळली. तिच्यात एकतीस पानं होती. यंत्राच्या तळाचा व्यास होता, झाकणाची जाडी होती, समितीच्या सह्या होत्या, वायरमनच्या अर्जाची नक्कलसुद्धा होती. कालिंदीच्या हाताबद्दल एक ओळ नव्हती. हात किती वळतो हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं. त्यांचे कान तापले. भट्टीची धगही असेल थोडी.

"नाप के लाओ," रतनसिंग म्हणाला आणि त्यानं खिशातली टेप त्यांच्या हातावर ठेवली.

घरी आले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती आणि पुढचं दार सताड उघडं होतं. पद्माबाई समोरच तांदूळ निवडत बसल्या होत्या. व्यंकटराव कालिंदीबाईंच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हात दे."

"काहून?"

"मोजायचा आहे."

त्यांनी हात दिला नाही, तेव्हा व्यंकटरावांनीच तो घेतला. अठ्ठावीस वर्षांत, दिवसाउजेडी, दार उघडं असताना, हे पहिल्यांदा होत होतं. हात त्यांना वाटला होता त्याहून हलका झाला होता. तळव्याच्या खालच्या उंचवट्यावर, भाकरी थापताना जिथं भार पडतो तिथं, कातडीचा जाड चट्टा होता. चार महिन्यांत त्याची कड सुटत आली होती. बोटांच्या टोकांना तव्याचे जुने पांढरे डाग होते. हे सगळं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ताटात पडलेली भाकरी तेवढी पाहिली होती.

"इथं दुखतं?" त्यांनी मनगट जरा वळवलं.

"नाही."

"इथं?"

"हं. तिथून पुढं जात नाही."

त्यांनी फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहिलं. मग डावा हात मोजला, खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून ओट्यापर्यंत. टेपची दुसरी बाजू धरायला कुणी नव्हतं म्हणून कालिंदीबाईंनीच ती धरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात कामात होते.

"मला तुझ्या जागी काही आणायचं नव्हतं," व्यंकटराव टेपवरच्या आकड्यांकडं बघत म्हणाले. "तू जेवत नाहीस. मला भीती वाटते."

पद्माबाईंनी तांदळाचं सूप उचललं आणि त्या आत गेल्या. कालिंदीबाई नाक ओढून म्हणाल्या, "दांडा डावीकडं पाहिजे. आणि लांब पाहिजे, म्हणजे दाबायला कोपर टेकवता येईल. वरची फळी लोखंडाची नको, मला उचलणार नाही. लाकडाची घ्या. कड ठेवा, नाहीतर भाकरी पळेल. लिहून राहिलात का नुसतेच बघून राहिलात?"

व्यंकटराव लिहू लागले.

पण लिहिलेल्यावर कालिंदीबाईंचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः भट्टीवर गेल्या. चार महिन्यांत देऊळ आणि दवाखाना सोडून पहिल्यांदा घराबाहेर पडल्या त्या अशा. त्यांनी रतनसिंगला बिजागरी दोनदा बदलायला लावली, दांडा इंचभर कापायला लावला आणि मग कापलेला दांडा आखूड झाला म्हणून नवीन लावायला लावला. रतनसिंगनं व्यंकटरावांकडं दयेनं पाहिलं. "साब, पहले इनको भेजना था ना," तो म्हणाला, "आपका एक महीना बचता." व्यंकटरावांना कुणी इतक्या कमी शब्दांत कधी झापलं नव्हतं, तरी त्यांना राग आला नाही.

आठव्या दिवशी यंत्र ओट्यावर आलं. दिसायला ते यंत्रासारखं नव्हतंच, एका बाजूला लांब हात असलेला सागवानी पाट म्हणा. कालिंदीबाईंनी पदर खोचला. उकळतं पाणी पिठात ओतलं, निवल्यावर डाव्या तळव्यानं पीठ मळायला घेतलं, तशी परात फिरू लागली. व्यंकटरावांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांना परात धरताही येत नाही असं त्यांना तीन वेळा सांगण्यात आलं. मग गोळा, त्यावर पिशवीचा तुकडा, वरची फळी, आणि दांड्यावर कोपर. कालिंदीबाईंनी सगळा भार दिला. फळी उचलली तर भाकरी वाटोळी, पातळ, कडेला जराशी भेगाळलेली. त्यांनी ती डाव्या हातावर उतरवली, तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. एका जागी करपली. पण आचेवर धरल्यावर अर्धी फुगली.

"झाली तुझी भाकरी," व्यंकटराव म्हणाले आणि जेवायच्या पाटावर जाऊन ताट पुढ्यात घेऊन बसले. अठ्ठावीस वर्षं तव्यावरची पहिली भाकरी त्या ताटात पडत आली होती.

कालिंदीबाईंनी ती भाकरी हातातच ठेवली. तिच्यावर तेल घातलं, शेंगदाण्याची चटणी घातली आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच एक घास मोडून तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा. चवीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. करपलेला तुकडासुद्धा त्यांनी सोडला नाही. अख्खी भाकरी संपवून त्यांनी बोटाला लागलेलं तेल चाटलं, पाणी प्यायलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

व्यंकटराव रिकाम्या ताटापुढं बसून ते बघत होते. त्यांना भूक लागली होती, आणि अजिबात घाई नव्हती.